छावणीचे दिवस, भाग 4 : चुना-गेरू आणि आरसीएल

कोणत्याही लष्करी छावणीत शिरताना आधी डोळ्यांत भरतात ते रस्त्याकडेचे दगड आणि झाडांचे बुंधे. गेरूचा तांबडा पट्टा, चुन्याचा पांढरा पट्टा, रेघ अगदी सरळ. जवानांच्या बोलण्यात या साऱ्या टापटिपीला ‘चुना-गेरू’ असेच नाव आहे. टापटीप हवीच. पण तिच्यासाठी लागणारा तास कुठून तरी काढावा लागतो, आणि बहुतेकदा तो सरावातून निघतो.

मागच्या भागात पलटणीचे चक्र पाहिले : दोन-तीन वर्षे फील्डमध्ये, मग साधारण तेवढाच काळ पीस स्टेशनवर. पीसमध्ये मुलांच्या शाळा असतात, रजा असतात, खेळांच्या स्पर्धा, पाहुण्यांचे दौरे, अधिकाऱ्यांच्या तपासण्या असतात. याच गर्दीत पलटणीला पुन्हा लढाईसाठी घडवायचे असते. वेळापत्रकात सगळे मावते. दिवसात मावत नाही.

असे झाले की काय होते, याचा दाखला आपल्याच सैन्यात आहे. चौथी डिव्हिजन दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत, केरेनला आणि इटलीत मोंते कासिनोला लढलेली, लाल गरुडाचे चिन्ह मिरवणारी. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात ती अंबाल्याला होती आणि मेजर जनरल बी. एम. कौल तिचे प्रमुख होते. जवानांच्या कुटुंबांना राहायला घरे नव्हती. ही अडचण खरी होती आणि कौल यांची तळमळही खरी होती. त्यांनी ‘ऑपरेशन अमर’ हाती घेतले, बंदुका कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, ठेवून जवान बांधकामावर लागले आणि हजाराहून अधिक घरे उभी राहिली. कौतुक खूप झाले. मात्र ते महिने सरावाच्या खात्यातून गेले, ही नोंद तेव्हा फारशी कुणी केली नाही.

1959च्या अखेरीस हीच डिव्हिजन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, गेली. तिची तयारी पंजाबच्या सपाटीवर लढण्याची होती. 20 ऑक्टोबर 1962च्या पहाटे चिनी सैन्याने नामका चू नदीकाठच्या सातव्या ब्रिगेडवर हल्ला केला, तेव्हा तिथल्या अनेक जवानांच्या अंगावर सुती गणवेश होता आणि जवळ माणशी जेमतेम 50 गोळ्या होत्या. ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ब्रिगेड काही तासांत फुटली आणि ते स्वतः युद्धकैदी झाले. पराभवाचे सगळे खापर अंबाल्याच्या घरांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. दिल्लीहून आलेले आदेश, रस्त्यांचा अभाव, विरळ हवा, अपुरा पुरवठा, सगळ्यांचा त्यात वाटा होता. तरीही डोंगरात लढायला शिकायची वर्षे हातची गेली होती, हे नाकारता येत नाही.

नामका चूच्या त्या ब्रिगेडमध्ये चौथी ग्रेनेडियर्स ही पलटण होती. तीन वर्षांनी, सप्टेंबर 1965मध्ये, हीच पलटण त्याच डिव्हिजनमधून पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला उभी राहिली. डिव्हिजन आता डोंगरी म्हणून नव्याने बांधलेली होती आणि समोर होते पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. पहिल्या दोन दिवसांतली तिची चढाई फसली होती, माघार घ्यावी लागली होती. मग उसाच्या शेतांत मोर्चे लागले, शेतांत पाणी सोडले गेले आणि पॅटन चिखलात अडखळू लागले.

अशा रणगाड्यांना टिपणारी आरसीएल इथे जवळून पाहायला हवी. जीपवर बसवलेली ही 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. तिच्यावर एक बारीक नळी असते. नेमबाज आधी त्या नळीतून गोळी झाडतो. गोळी लक्ष्यावर आदळली की धुराचा पुंजका उठतो. पुंजका रणगाड्यावर दिसला की लगेच मोठा गोळा. पण गोळा सुटताच मागून ज्वाळा आणि धुळीचा लोट उसळतो, म्हणजे आपली जागा शत्रूला कळली. त्याच क्षणी जीप हलवायची आणि नव्या आडोशातून पुन्हा नेम धरायचा. नेमबाज, गोळा भरणारा आणि चालक या तिघांचे हात न बोलता चालले पाहिजेत. पुस्तक वाचून हे येत नाही. मोकळ्या माळावर शेकडो वेळा करावे लागते.

अब्दुल हमीद हे पलटणीतले आरसीएलचे सर्वांत चांगले नेमबाज. शांततेच्या काळात त्यांना क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे सामानसुमानाच्या, कामावर टाकले होते. लढाईच्या तोंडावर आरसीएल प्लाटूनचा प्रमुख जागेवर नव्हता, म्हणून त्यांना परत तोफेवर बोलावले. त्यांनी एकामागून एक पॅटन निकामी केले आणि 10 सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेल्या या हवालदाराच्या हाताला सवय कधी लागली असेल? पीस स्टेशनच्या चांदमारीत, कुणाचे लक्ष नसताना. कोठार सांभाळण्याच्या दिवसांतही ती मोडली नाही.

पीसमधल्या पलटणीला बीपीईटी नावाची परीक्षा द्यावी लागत आली आहे : हत्यार आणि पाठीवरच्या सामानासह 5 किलोमीटर धाव, दोरावर चढणे, 9 फुटांचा खंदक ओलांडणे. जोडीला चांदमारीचे वार्षिक वर्गीकरण असते. मात्र धाव आणि नेम मोजता येतात, तिघांच्या हातांचा मेळ कागदावर उतरत नाही. तो पाहायला अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर जावे लागते. चिलखती दलाच्या केंद्राचे रणगाडे तिथे गोळे डागतात. पुढच्या आठवड्यात तिथे जाऊ.