ग्रॅम रंजन आणि जीवाणूंचे वर्गीकरण

जीवाणूंचे गोलाणू, दंडाणू, सर्पिलाकार आणि पटकीच्या जंतूसारखे स्वल्पविरामाकार असे भेद सूक्ष्मदर्शकातून सहज दिसत असले, तरी केवळ आकारावरून त्यांचे नाते ठरत नाही. प्रयोगशाळेत अधिक उपयोगी पडते ती डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली रंजनपद्धत. काचपट्टीवर वाळवलेल्या नमुन्यावर आधी क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग व मग आयोडीनचे द्रावण घालून तो अल्कोहोलने धुतला, की पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे अमिनो आम्लांनी सांधलेल्या शर्करासाखळ्यांच्या जाळीची, जाड भित्ती असलेले ग्रॅम-धन जीवाणू जांभळेच राहतात. पातळ भित्ती आणि तिच्याबाहेर आणखी एक पटल असलेल्या ग्रॅम-ऋण जीवाणूंचा रंग मात्र निघून जातो व ते पुढे सॅफ्रानिनने गुलाबी होतात. हे बाह्यपटल अनेक प्रतिजैविकांना अडवत असल्याने हा भेद उपचारातही निर्णायक ठरतो. क्षयाचा जंतू मेणचट आवरणामुळे या रंजनाला नीट दाद देत नाही, आणि मायकोप्लाझ्माला तर भित्तीच नसते. वंशसंबंधांवर आधारलेल्या वर्गीकरणाला भक्कम पाया मिळाला तो १९७७ मध्ये, कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून, तोवर जीवाणूंतच गणल्या जाणाऱ्या आर्कियांना वेगळे काढले तेव्हा.