पान उलटून पाहा

कोलकात्यात नेचे शोधायला लांब जावं लागत नाही. भवानीपूरच्या आमच्या गल्लीत पावसाळा लागला की पन्हळीच्या पाइपाखाली, गटाराच्या काठाला, जुन्या घरांच्या विटांच्या फटींत ते आपसूक उगवतात. मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. नेच्यांचा पाठ आला की मुलांना आधी याच गल्लीतून फिरवते, कारण ज्या दोन जाती ओळखताना भलेभले चाचपडतात, त्या इथे एकाच गटाराकाठी वाढतात.

एक क्रिस्टेला डेंटाटा, दुसरी क्रिस्टेला पॅरासिटिका. दोघींची पानं हातभर लांब, अंगावर मऊ लव, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना कातरलेल्या कडांच्या पर्णिका. उभ्या उभ्या पाहिलं तर झाड एकच वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतही दोघी पुष्कळदा एकाच नावाखाली गेल्या आहेत. पॅरासिटिकाला लिनियसने 1753 मध्ये नाव दिलं. डेंटाटाचं वर्णन 1775 मध्ये छापून आलं, तेही पेहर फोर्सकोलने येमेनमध्ये गोळा केलेल्या झाडांवरून. तो बिचारा 1763 मध्येच तिकडे तापाने गेला होता. आपलं काम छापलेलं त्याला पाहायला मिळालं नाही.

ओळख पटते ती पानाच्या बुडाशी. डेंटाटाच्या पर्णिका खाली येता येता आखूड होत जातात, शेवटच्या तर अगदी नखाएवढ्या उरतात. पॅरासिटिकाच्या खालच्या पर्णिका वरच्यांपेक्षा फारशा लहान होत नाहीत, पण खाली झुकलेल्या असतात. मग माती थोडी उकरायची. डेंटाटाचं खोड आखूड, त्यामुळे पानं झुबक्याने येतात. पॅरासिटिकाचं खोड सरपटत जातं आणि पानं अंतराअंतरावर निघतात. मोबाइलवर शेंड्याचा सुरेख फोटो पाठवून ‘मॅडम, हा कुठला?’ असं विचारणाऱ्यांकडे मी आधी बुडाचा फोटो मागते. वरचा भाग दोघींचा सारखाच.

आता पान उलटायचं. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याशी धरायचं आणि पान त्याच्याजवळ आणायचं. शिरांवर बीजाणूंचे गोल पुंजके दिसतील, प्रत्येकावर मूत्रपिंडाच्या आकाराचं केसाळ झाकण. इथवर दोघी सारख्याच. पण पॅरासिटिकाच्या शिरांवर बारीक, लांबट, नारिंगी-तांबड्या ग्रंथी असतात. एकदा दिसल्या की डोळा आपणच त्या शोधू लागतो. डेंटाटात त्या नसतात. मुलांना त्या पहिल्यांदा दिसतात तो क्षण मला शिकवण्यात सगळ्यात प्रिय आहे.

तरी एका खुणेवर नाव ठोकू नये. सावलीतलं झाड आणि उन्हातलं झाड वेगळं दिसतं, कोवळं रोप तर कुणाचंही वाटतं. शिवाय क्रिस्टेलांमध्ये संकर होतात, आणि संकराच्या अंगावर दोन्हीकडच्या खुणा सापडतात. अशा वेळी बीजाणू पिकलेलं पान पुंजक्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवावं, वर वही ठेवावी. सकाळपर्यंत तपकिरी भुकटी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू सारखे, भरलेले असले तर ठीक. सुरकुतलेले, वेडेवाकडे असले तर संकराचा संशय घ्यायचा.

एवढं करूनही अडलं तर हुगळी ओलांडून शिबपूरला जायचं. 1787 मध्ये रॉबर्ट किडने सुरू केलेल्या तिथल्या उद्यानात केंद्रीय राष्ट्रीय वनस्पती संग्रहालय आहे आणि त्यात वाळवलेले सुमारे 20 लाख नमुने. 1883 मध्ये बेडोम या वनस्पतिशास्त्रज्ञाचं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नेच्यांवरचं पुस्तकही कोलकात्यातच प्रसिद्ध झालं. पण पुस्तकातलं चित्र पाहणं वेगळं आणि खोड-मुळांसकट चिकटवलेला नमुना समोर असणं वेगळं. म्हणून नमुना घेताना बूड तोडून नुसतं पान आणणाऱ्यावर मी रागावते.

नावाची एवढी उठाठेव कशाला, असं घरचेही विचारतात. त्यांना मी टेरिस व्हिटाटा ही नेच्याची आणखी एक जात दाखवते. हिला चुना मानवतो, म्हणून उत्तर कोलकात्यातल्या चुना-सुरकीच्या भिंतींवर ती जागोजाग दिसते: रिबिनीसारख्या लांब पर्णिका, बुडाकडे आखूड होत गेलेल्या, आणि दुमडलेल्या कडेखाली बीजाणूंची सलग रेघ. हिचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. 1983 मध्ये इथल्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या डॉ. के. सी. साहांनी बंगालमधले आर्सेनिकच्या विषबाधेचे रुग्ण ओळखले. विष कूपनलिकांच्या पाण्यातून येत होतं. 2001 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की टेरिस व्हिटाटा मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवते, कोरड्या वजनाच्या 2 टक्क्यांहूनही जास्त. तिचीच बहीण टेरिस एन्सिफॉर्मिस नर्सरीत कुंडीत विकायला असते. तिला आर्सेनिक सोसतच नाही. ओळखायला ती सोपी: वांझ पानं बुटकी आणि रुंद, बीजाणूंची पानं उंच आणि अरुंद. माती शुद्ध करायला निघालेल्या माणसाने व्हिटाटाऐवजी ही लावली तर विष जिथल्या तिथे राहील. आणि व्हिटाटाच लावली असेल, तर तिची कापलेली पानं खताच्या खड्ड्यात किंवा गुरांपुढे टाकायची नाहीत. जमिनीतून काढलेलं बहुतेक आर्सेनिक त्या पानांतच असतं.