मजकुराबाहेरचा मजकूर

फ्रान्स आणि इटलीतल्या संशोधकांनी १९९५ साली काही कुटुंबांतल्या एका चमत्कारिक आजाराचे मूळ शोधून काढले. या घरांतल्या माणसांना ऐन तरुणपणी मोतीबिंदू व्हायचा, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालायचा. रक्त तपासले, की फेरिटिन हजाराच्या घरात. एरवी ते साधारण तीनशेच्या आत असते. फेरिटिन म्हणजे पेशीतले लोहाचे कोठार. ते इतके वाढलेले दिसले, की शरीरात लोह साचले असे वाटणारच, आणि त्यावरचा उपाय म्हणजे ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकणे. पण या माणसांच्या अंगात लोह जास्त नव्हतेच! रक्त काढले, की उलट ॲनिमिया व्हायचा.

मग दोष होता कुठे?

जनुकातला निरोप संदेशवाहक आरएनए घेऊन जातो. त्याला आपण पत्र म्हणू. मधला मजकूर वाचून पेशी प्रथिन तयार करते. पण मजकुराच्या आधी मायना असतो आणि शेवटी शेपूट असते. या दोन भागांचे प्रथिन होत नाही, म्हणून त्यांना अननुवादित भाग म्हणतात. नाव ऐकून ते बिनकामाचे वाटतात, पण पत्र किती वेळा वाचायचे, किती दिवस टिकवायचे, हे बरेचसे तेच ठरवतात.

फेरिटिनच्या मायन्यात सुमारे तीस अक्षरांचा एक तुकडा केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला असतो. पेशीत लोह कमी झाले, की एक प्रथिन त्या आकड्यावर पहारेकऱ्यासारखे येऊन बसते आणि वाचन अडवते. माल नसताना कोठार कशाला बांधायचे? लोह वाढले, की पहारेकरी उठतो. त्या कुटुंबांत आकड्यातले एकच अक्षर बदलले होते. पहारेकऱ्याला नीट बसताच येईना, आणि फेरिटिन गरज नसताना तयार होत राहिले. ते डोळ्याच्या भिंगातही साचले. मजकुरात मात्र एकही चूक नव्हती.

गंमत अशी, की पेशीत लोह आत घेणाऱ्या प्रथिनाच्या पत्रात असेच पाच आकडे शेपटात असतात. तिथे हाच पहारेकरी बसला, की पत्र नष्ट होण्यापासून वाचते. पहारेकरी तोच, जागा बदलली की काम उलटे!

असे मायने आणि शेपट्या निवडून एकत्र ठेवण्याचे काम इटलीतल्या बारी इथे ग्राझियानो पेसोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हाती घेतले. त्या माहितीसंग्रहाचे नाव यूटीआरडीबी. त्याच्या जोडीला यूटीआरसाइट आले. त्यात प्रयोगांनी सिद्ध झालेल्या खुणांची नोंद असते. आपला आरिंबाह तुकडा तिच्याशी ताडून पाहता येतो. संग्रहाची नवी आवृत्ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. अर्थात खूण जुळली म्हणजे ती काम करतेच असे नाही. चार-पाच अक्षरे योगायोगानेही जुळतात. शेवटचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो.

फेरिटिन जास्त, बाकीच्या तपासण्यांत लोह प्रमाणात आणि घरात लवकर मोतीबिंदू, असे तिन्ही एकत्र दिसले, तर रक्त काढण्याआधी जनुकचाचणीत हा मायनाही तपासायला हवा. फक्त मजकूर वाचणारी चाचणी 'दोष नाही' असाच अहवाल देईल.