बासरी बदलताना : लांबीपेक्षा सूर मोलाचा

पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेसारख्या गर्दीत उंच काठीला बासऱ्या खोचून फिरणारा विक्रेता विदर्भाला नवा नाही. अनेकांच्या वादनाचा श्रीगणेशा अशाच बासरीवर होतो. हौस टिकते, गुरू मिळतात, अलंकार आणि दोन-चार राग हाताला बसतात आणि एक दिवस लक्षात येते की, आता ही बासरी पुरत नाही. मंद्रातले सूर उमटत नाहीत, तारसप्तक कर्कश होते आणि तानपुऱ्याशी काही केल्या जमत नाही. मग प्रश्न उभा राहतो : पुढची बासरी कोणती घ्यावी आणि बेताच्या पैशांत ती कशी निवडावी?

अकोल्यातून वेगळा होऊन 1998 मध्ये अस्तित्वात आलेल्या वाशिमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक अवघड होतो. दहा-बारा बासऱ्या वाजवून पाहून त्यातली एक उचलावी, अशी सोय लहान शहरांत सहसा नसते. त्यासाठी अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. नाहीतर कारागिराकडून कुरिअरने मागवावी लागते. म्हणजे बासरी न पाहताच पैसे मोजायचे. निवड चुकली, तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. कणसूर बासरीवर महिनोन् महिने रियाज करणाऱ्याच्या कानालाच तो चुकीचा सूर खरा वाटू लागतो. किंवा मग दोष वाद्याचा असतो आणि शिकणारा तो स्वतःच्या माथी मारून वाद्यच खाली ठेवतो.

मोठी बासरी आली कोठून?

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत बासरीला स्थान मिळवून दिले ते पंडित पन्नालाल घोष (1911-1960) यांनी. लहान बासरीवर ख्यालाचा गंभीर विस्तार शक्य नाही, हे ओळखून त्यांनी सुमारे 32 इंच लांबीची बासरी घडवली आणि तिला सातव्या छिद्राची जोड दिली. पुढे पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्या वादनाने लांब बासरीचा खर्जातला नाद घराघरांत पोहोचला. आजचा विद्यार्थीही मनात तोच नाद धरून दुकानात जातो आणि एकदम सर्वांत लांब बासरी मागतो. चूक बहुधा येथेच होते.

मधली पायरी

बासरीची पट्टी तिच्या षड्जावरून ठरते. हिंदुस्थानी पद्धतीत वरची तीन छिद्रे बंद केल्यावर जो सूर निघतो, तो षड्ज. नवशिक्याकडे बहुधा पांढरी एकची, सुमारे 19 इंचांची बासरी असते. मैफलीतली पांढरी तीनची बासरी 30 इंचांच्या आसपास भरते. या दोहोंमध्ये पांढरी पाचची, साधारण 25 इंचांची बासरी येते. पाच हा सूर तीनपेक्षा उंच असल्याने ही बासरी पांढरी तीनपेक्षा आखूडच असते. पहिली बढती बहुतेकांना येथेच सोयीची ठरते. छिद्रांमधील अंतर वाढते; पण बोटे ताणून दुखत नाहीत, आणि मंद्राचा विस्तारही करता येतो.

लांब बासरीवर बोटांच्या टोकांऐवजी पेरांनी छिद्रे झाकावी लागतात. एका छिद्रातून थोडी जरी हवा निसटली, तरी मंद्र पंचम उमटत नाही. सहाही छिद्रे झाकून हा पंचम पाच मिनिटे न दुखता, न फाटता लावता आला, तरच त्या लांबीला हात तयार आहे असे समजावे. साथ करण्याचा विचार असेल, तर गायकाची किंवा भजनी मंडळाची पट्टी आधी विचारून घ्यावी.

मागणी नोंदवताना केवळ इंग्रजी अक्षर सांगून थांबू नये. कर्नाटक पद्धतीच्या आठ छिद्रांच्या बासरीत षड्ज वरची दोन छिद्रे झाकून घेतात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन बासऱ्या वेगळ्या निघू शकतात. 'हिंदुस्थानी, तीन छिद्रे बंद असताना षड्ज अमुक पट्टीचा' असे स्पष्ट सांगावे. डावखुऱ्यांनी तेही आधीच कळवावे.

पारख कशी करावी?

पहिली कसोटी सप्तकाची. सहाही छिद्रे झाकून हलकी फुंकर घातली की मंद्र पंचम लागतो. बोटे न हलवता फुंकर तीव्र केली की मध्य पंचम. हे दोन्ही सूर तंतोतंत जुळले पाहिजेत. मध्य आणि तार षड्जाचीही अशीच परीक्षा घ्यावी. वरचे सूर सातत्याने चढे किंवा उतरे लागत असतील, तर मुखरंध्राजवळचे बूच चुकीच्या जागी असू शकते किंवा नळीच्या पोकळीत दोष असू शकतो. बूच सरकवता येते, पोकळी बदलता येत नाही.

दुसरी कसोटी एकेका स्वराची, आणि ती तानपुऱ्यावर घ्यावी. मोबाइलवरील ट्यूनरचा काटा हार्मोनियमसारख्या समान अंतरांच्या सुरांवर बेतलेला असतो. तानपुऱ्यात मिसळणारा शुद्ध गंधार त्या काट्यावर किंचित उतरलेला दिसतो. तो दोष नव्हे. एखादा सूर खरोखरच थोडा उतरा असेल, तर कारागीर छिद्र किंचित मोठे करून तो चढवू शकतो. मोठे झालेले छिद्र लहान करणे मात्र कठीण. म्हणून थोडी उतरी बासरी दुरुस्त होते, चढी बहुधा होत नाही.

तिसरी कसोटी अर्ध्या छिद्रांची. शुद्ध मध्यम, कोमल गंधार, कोमल निषाद हे सूर छिद्र अर्धवट उघडून घ्यावे लागतात. छिद्र फार लहान असले, तर हे सूर बोटाखाली स्थिर राहत नाहीत.

शेवटी नळी उजेडाकडे धरून आत पाहावे. सर्व छिद्रे आणि खालचे टोक बंद करून मुखरंध्रातून हवा ओढावी. हवा येतच राहिली, तर कोठेतरी भेग आहे.

बांबू आणि वऱ्हाडचा उन्हाळा

विदर्भाच्या जंगलांत बांबूला तोटा नाही. तरीही येथला मानवेल जाड भिंतीचा, कित्येकदा जवळजवळ भरीव असतो. लांब बासरीला तो चालत नाही. तिला पातळ भिंतीचा आणि लांब पेरांचा बांबू लागतो. तो मुख्यतः ईशान्य भारतातून येतो. बासऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील पिलिभीतचे कारागीरही आसामच्याच बांबूवर अवलंबून असतात.

हा बांबू वाशिमच्या चाळीस अंशांपलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तडकतो. ठरावीक अंतरावर घट्ट दोरा बांधलेली बासरी घ्यावी, अधूनमधून मोहरीच्या तेलाचा हलका हात फिरवावा आणि ती उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कधीही ठेवू नये. हवा तापली की बासरीचा सूरही चढतो. 20 अंशांच्या फरकाने हा चढ हार्मोनियमच्या दोन लगतच्या सुरांमधील अंतराच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो; फुंकरीच्या उबेमुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी जाणवतो. सगळे सूर एकत्र चढतात, म्हणून यात बासरीचा दोष नाही. परीक्षा मात्र सकाळच्या थंडाव्यात, थोडा वेळ वाजवून बासरी उबदार झाल्यावर घ्यावी.

पैसा कोठे घालावा?

हाती दीड-दोन हजार रुपये असतील, तर एकच मध्यम लांबीची, नीट सुरात लावलेली बासरी घ्यावी. तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या तीन-चार पट्ट्यांच्या संचाचा मोह टाळावा. रंगीत रेशमी दोरे, कोरीव नक्षी आणि चकचकीत पॉलिश यांनी किंमत वाढते, नाद सुधारत नाही. कुरिअरने मागवायची असेल, तर तीच बासरी तानपुऱ्यावर वाजवलेले ध्वनिमुद्रण आधी मागावे आणि न जुळल्यास बदलून मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. पुढच्या टप्प्यावर गेलेल्या गुरुबंधूची जुनी बासरी मिळत असेल, तर तीही उत्तम : बरीच वर्षे वाजूनही न तडकलेला बांबू ऋतूंच्या परीक्षेत उतरलेला असतो.

पैसे फारच तोकडे असतील, तर पीव्हीसी नळीच्या बासरीला नाक मुरडू नये. तिच्यात बांबूचा गोडवा नसतो. पण ती तडकत नाही आणि नेमकी बनवलेली असेल, तर सुरातही राहते. बेसूर बांबूवरच्या रियाजापेक्षा सुरेल नळीवरचा रियाज केव्हाही चांगला. लांब बासरी दोन वर्षांनी घेता येईल. तोवर कान बिघडू देऊ नये.