पडद्यावरची मुस्लिम स्त्री: फातमा बेगम ते ‘निकाह’

१९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं होतं. सिनेमात काम करायला बाईच मिळत नव्हती. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत याच मुंबईत एका मुस्लिम बाईने स्वतःची फिल्म कंपनी काढली, हे आपल्या घरांत फारसं कुणाला माहीत नसतं.

त्या म्हणजे फातमा बेगम. उर्दू रंगभूमीवरून त्या सिनेमात आल्या. १९२६ साली त्यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. सुलताना, जुबेदा आणि शहजादी या त्यांच्या तिन्ही मुलीही पडद्यावर आल्या. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला, त्याची नायिका जुबेदाच. या दोन्ही चित्रपटांची एकही प्रत आज शिल्लक नाही.

कॅमेऱ्यामागे बाई निर्णय घेत होती, पण पुढे पडद्यावरची मुस्लिम स्त्री बहुतेकदा नवाबाच्या हवेलीत किंवा तवायफच्या कोठ्यावरच दिसली. १९७२ साली मराठा मंदिरात लागलेल्या ‘पाकीजा’मधली मीनाकुमारींची साहिबजान इज्जतीचं आयुष्य मागते, पण ते देणं-नाकारणं इतरांच्या हातात असतं.

बी. आर. चोप्रा यांच्या ‘निकाह’ने (१९८२) हा प्रश्न थेट घरात आणला. नवरा रागाच्या भरात नीलोफरला तीन तलाक देतो. ती नोकरी करते, दुसरा निकाह करते. मग दुसरा नवराही गैरसमजातून तिला पहिल्याकडे परत सोपवायला निघतो. तेव्हा ती दोघांना विचारते, मी काय मालमत्ता आहे का?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हता. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांनी तोंडी तलाकविरोधात मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तीन तलाक २०१७ साली रद्द ठरवला.

निकाहला मुलीची कबुली लागते आणि मेहर हा तिचाच हक्क, हे आपला दीनच सांगतो. तरी कबुली विचारताना अनेक घरांत तिचं गप्प राहणंच ‘हो’ धरलं जातं. म्हणून ‘निकाह’ मुला-मुलींसोबत बसून बघा, आणि संपल्यावर त्यांना काय वाटलं ते जरूर विचारा.