जुनी फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली झोपा!

मित्रांनो, व्हिडिओत हे राहून गेलं. जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर बघायला गेलं की विकणारा आधी एसी दाखवतो. आपण जास्तीचे पैसे मोजतोय ते पुढच्या चाकांच्या ताकदीचे! ती डांबरी रस्त्यावर तपासू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, आतले गिअर ताणले जातात. गाडी मातीत न्या, उभी करा, क्लच दाबून फोर-लो लावा. दिवा नुसता लुकलुकत राहिला किंवा कर्रर्र आवाज आला, तर सौदा तिथंच थांबवा. मग खाली झोपा. ट्रान्सफर केसमधून तेल पाझरतंय का बघा. गाडी किनाऱ्यावरची असेल तर चॅसीचा गंजही. आणि आरसीवर बँकेचं नाव असेल तर एनओसी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. मी एकदा दिलं होतं, 20 हजार. अजून मागतोय.