होळीचा बुध्या

नर्मदेच्या काठी मणिबेली गाव आहे. तालुका अक्कलकुवा. याच तालुक्यात, सातपुड्यात काठी गाव आहे. काठीची होळी फार जुनी. रात्रभर ढोल वाजतो. पहाटे होळी पेटते.

होळीत बुध्या नाचतात. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू. पाय पडला की घुंगरू वाजतात. बघणाराचेही पाय हलू लागतात!

इथे पडदा नाही, तिकीट नाही. मग एवढी माणसे का जमतात? बुध्या आपल्यातलाच असतो. त्याचा नवस असतो. नवसाच्या दिवसांत तो जमिनीवर झोपतो, खाटेवर बसत नाही, आंघोळ करीत नाही. हे गावाला ठाऊक असते. म्हणून त्याच्या नाचाला मान.

१९९३ साली सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीची घरे बुडाली. कोणी दूर वसाहतीत गेले, कोणी डोंगरावर वर सरकले. घर पुन्हा बांधता येते. पण नाचाला रिंगण लागते, आणि रिंगण ओळखीच्या माणसांचे असते. शेजार पांगला, तर नाचणाराचा नवस कोणाला कळणार?

म्हणून होळीला दूर गेलेल्या सोयऱ्यांना निरोप धाडा. ती आली की रिंगण भरते.